विरजण

कुल्दीगात, विटांच्या पुलाजवळ,
स्कैद्रीते मावशीच्या स्वयंपाकघरात
सकाळपासून मी एका लॅपटॉपचं पोट उघडून बसलोय.
चौऱ्याण्णव सालचा. वजन तिच्या मांजराएवढं.
विणकामाचं यंत्र फक्त याचंच ऐकतं.
नवा आणून पाहिला होता;
त्याला ते पंचवीस छिद्रांचं रुंद तोंडच नव्हतं.
यंत्राची केबल हातात धरून मावशी म्हणाली,
"याला भरवू तरी कुठून?"

जुनी डिस्क आठवडाभर टिकटिकत होती.
गारठली की वाचते, दहाएक मिनिटं.
म्हणून रात्रभर तिला पिशवीत बांधून, वर लोकरी मोजा चढवून
खिडकीबाहेर ठेवली, उणे अकरात.
एकसष्ट नक्ष्या निघाल्या. तीन नाही.
"कुठल्या तीन?"
मी नावं वाचली.
तिनं बोटं हवेत हलवून पाहिली,
जणू सुया आहेत.
"दोन येतात मला. तिसरी आवडत नव्हतीच."

राहिला प्रश्न नव्यानं सगळं बसवण्याचा.
फ्लॉपीचा कप्पा आहे, पण आतला रबरी पट्टा
वितळून काकवी झालाय;
बोटाला लागला की दोन दिवस जात नाही.
फ्लॉप्याही आहेत, सहा, तळघरात बटाट्यांशेजारी,
अंगावर बुरशीचे चंद्र घेऊन.
सीडी याला ठाऊक नाही.
यूएसबी याच्या नंतर जन्मलेली.
म्हणजे वाचायला शिकवणारं पुस्तक
याला आधी वाचावं लागणार.

हे मी मावशीला सांगत होतो, जरा ऐटीतच.
तिनं राईच्या पिठाची परात फडक्यानं झाकली
आणि फळीवरची बरणी माझ्या नाकाशी धरली.
आंबट वास. वर बुडबुडे.
"मागच्या पावातलं चमचाभर ठेवलं नसतं
तर हा कशावर फुगला असता?
पंच्याऐंशीत बरणी फुटली माझी.
वेल्ताकडून आणलं.
तिच्या घरी लागलेलं, माझ्या घरी फुगलं.
पिठाला काय कळतंय, घर कुणाचं ते."

मी पाना खाली ठेवला.

बोटाच्या पेराएवढं एक कार्ड, कॅमेऱ्यातलं.
दोनशे छप्पन्न मेगाबाइट; मुद्दामच लहान,
पाचशे चारच्या पुढे या म्हाताऱ्याला मोजता येत नाही.
ते माझ्या धडधाकट संगणकात घातलं,
तिथेच त्याचे कप्पे पाडले,
पहिल्या कप्प्यावर खूण केली: इथून ऊठ.
प्रणाली लावली. एकसष्ट नक्ष्या ओतल्या.
मग काढून, चव्वेचाळीस पिनांवर बसवून,
डिस्कच्या रिकाम्या जागी सरकवलं.
एक पिन वाकली. शिवणाच्या सुईनं सरळ केली.
दोन स्क्रू उरले. नेहमी उरतात.

बटण दाबलं.
काही नाही.
मांजर उठून गेलं.
मग स्मृतीची मोजणी, हिरवट आकडे,
सावकाश, जिना चढणाऱ्या माणसासारखी,
आणि टिकटिक नाही, घरघर नाही;
इतक्या शांतपणे तो कधी उठलाच नव्हता.
मावशी घाबरली: "गेला का?"

पडद्यावर ओळ आली. तारीख विचारत होता.
आतली बॅटरी केव्हाच संपलेली,
त्याच्या मते आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
"बरोबर तारीख घाल," मी म्हणालो.
तिनं चष्मा वर ढकलला, वाचलं,
आणि नुसतं एंटर दाबलं.
"असू दे. ऐंशीत माझी नजर चांगली होती."

संध्याकाळी चार वाजता, म्हणजे अंधारात,
यंत्राचा घोडा खडखडत डावीकडून उजवीकडे गेला.
करड्यावर पांढरा, आठ टोकांचा तारा
खालच्या टोकापासून उगवू लागला.
तिसऱ्या ओळीत एक टाका सुटला.
पिनेमुळे नसेलही.
मी काही बोललो नाही.
तिनं आकड्याच्या सुईनं तो अलगद उचलला
आणि भट्टीतला पाव बघायला मला पाठवलं.